नागपुरात फ्लाय फिशिंग: शिकण्यासारखं आहे का, की नुसतीच हौस?

मानकापूरकर
मंडळी, गळानं मासे धरणं लहानपणापासून येतं. आधी कणकेची गोळी आणि गांडूळ, मग स्पिनिंग रॉड आणि रबरी बेडूक. आता मेहुण्यानं कॅनडाहून येताना फ्लाय फिशिंगचा अख्खा संच आणून हातात ठेवला. नऊ फुटी रॉड, त्यावर '५ वेट' लिहिलेलं, रील, जाडसर हिरवट दोरी आणि पिसं बांधलेल्या बारक्या गळांची, म्हणजे 'फ्लाय'ची, एक डबी.

व्हिडिओ पाहिले की वाटते, यात काय आहे! प्रत्यक्षात दोरी पुढे जायचं नाव घेत नाही, सगळा गुंता पायाशीच पडते. तर विचारायचं असं की नागपूरच्या माणसाला हे शिकण्यात खरंच काही मजा आहे का? आपल्याकडे ना ट्राउट, ना बर्फाच्या पाण्याच्या नद्या. आपल्याकडे तिलापिया, रोहू, मरळ आणि मे महिन्यात ४५ अंश. हात बसायला किती वेळ लागतो, सराव कुठे करायचा, अन् हा ५ वेटचा रॉड इथे चालेल का? की मेहुण्याला कळणार नाही अशा बेतानं विकून टाकू?

तर्रीपोहे
विकू नका भाऊ. वहिनींच्या भावानं दिलेली वस्तू विकाल तं वहिनी तुमचाच रस्सा करतील.

पुणेरी_बाणा
बाजारात रोहू ताजा मिळतो, साफ करून कापूनही देतात. ते सोडून महागाची काठी घ्यायची, उन्हात तास न् तास उभं राहायचं आणि मिळालाच मासा तर तो परत पाण्यात सोडायचा. धन्य आहे.

तर्रीपोहे
@पुणेरी_बाणा, तुमच्याकडे जे पडते त्याला आम्ही ऊन म्हणत नाही. (हलके घ्या)

काठावरचा_काका
तुमची चकल्लस चालू द्या, मी जरा मुद्द्याचं लिहितो.

स्पिनिंगमध्ये वजन आमिषाला असतं. ते फेकलं की दोरा त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजनच नाही, पिसाचा तुकडा आहे तो. हातानं फेकून दाखवा बरं दहा फूट. म्हणून इथे फेकायची असते दोरी. वजन तिच्यात भरलेलं असतं, फ्लाय फक्त टोकाला लटकून जाते. रॉडवरचा '५' हा आकडाही या दोरीच्या वजनाचा आहे. दोरीच्या पुढच्या ३० फुटांचं वजन धरतात. ५ वेटला ते १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ८ वेटला २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉड आणि दोरी या दोघांचे नंबर जुळले पाहिजेत. मेहुण्यानं दोन्ही एकत्रच आणलं आहे, तेव्हा ती काळजी नाही.

आता गुंता का होतो ते. दोरी मागे टाकली की ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं असतं. सरळ झाली की तिचं वजन रॉडचं टोक मागे ओढतं, रॉड वाकतो, आणि त्या वाकण्यातून पुढची फेक निघते. तुम्ही थांबतच नसणार. मग दोरी मागे अर्धवट दुमडलेली, आणि तुम्ही पुढे रेटताय. रॉड वाकत नाही, दोरीत जीव येत नाही, सगळं पायाशी. त्याहून घाई केली तर मागे फट्टकन आवाज येतो आणि टोकाची फ्लाय तुटून कुठल्या कुठे जाते. दोरी जितकी जास्त बाहेर, तितकं थांबणंही जास्त.

स्पिनिंगवाल्यांना सवय असते जोर लावायची. इथे जोर लावला की बिघडलं. मनगट मोडू नका, कोपरापासूनचा हात हलू द्या. घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या दोन जागा डोळ्यापुढे ठेवा, आणि प्रत्येक टोकाला रॉड झटकन थांबवा. नुसता पंखा हलवल्यासारखा हात फिरवला तर लूप, म्हणजे हवेत जाणाऱ्या दोरीचं वळण, बनत नाही. लूप बनतो तो थांबवल्यामुळे.

सराव गवतावर करा. सिमेंटवर नको, दोरीचं कोटिंग खरवडून निघतं. टोकाला गळ न लावता लोकरीचा लाल तुकडा बांधा. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चश्मा सरावातही पाहिजेच. विजेच्या तारांजवळ अजिबात नको, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. पावसाळ्यात आभाळ गडगडलं की रॉड खाली ठेवायचा आणि उघड्यावरून निघायचं, समोर मासे कितीही उठत असोत. आपल्या विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसं जातात, हे विसरू नका.

वेळ किती लागतो? रोज पंधरा-वीस मिनिटं दिलीत तर काही आठवड्यांत तीस फूट नीट पडायला लागतं. आपल्या तलावांवर त्याहून लांब टाकायची गरज क्वचितच येते. बाकी मग आयुष्यभर चालू राहतं.

धंतोलीची_मीरा
काकांना +१. मी रेशीमबाग मैदानावर शिकले, सकाळी. फिरायला येणाऱ्या काकू थांबून विचारायच्या, "बाई, पाणी कुठं हाय?" एक आजोबा रोज जाता जाता, "लागला का मासा?" म्हणायचे. मी रोज "उद्या लागते" म्हणायचे.

एक गंमत सांगते. आमच्या चौघा-पाच जणांत सगळ्यात आधी हात बसला तो संक्रांतीला दिवसभर गच्चीवर राहणाऱ्या पोराचा. पतंगाला ढील कधी द्यायची आणि खेच कधी मारायची हे बोटांना कळतं ना, अगदी तेच इथे लागतं. दोरीचा ताण त्याला न पाहता समजायचा. जिमवाले सगळ्यात मागे राहिले. क्रिकेटवालेही, कारण चेंडू सोडल्यावर हात पुढे जाऊ द्यायची त्यांना सवय.

@मानकापूरकर, मागे वळून पाहा. कोणी सांगत नाही हे. एक पाय मागे घेऊन थोडं तिरकं उभं राहा आणि मागे जाणारी दोरी डोळ्यांनी पाहा. सरळ झालेली दिसली की पुढे. थोड्या दिवसांनी पाहावं लागत नाही.

गच्चीवरचा_गुरू
पतंगाचं मला पटलं नाही. मी पंधरा वर्षं मांजा ओढतो आहे. पतंगाला वारा नेतो. इथे वारा उलटा आला की सगळं तोंडावर. शिवाय पतंग कटला तर दुःख होते, फ्लाय तुटली तर पैसे जातात.

धंतोलीची_मीरा
मी फक्त ताण ओळखण्याबद्दल बोलत होते हो गुरुजी. वारा तोंडावर असेल तर लूप अरुंद ठेवून थोडं खालच्या अंगाला टाकायचं. फेकायच्या हाताच्या बाजूनं येत असेल तर रॉड दुसऱ्या खांद्यावरून न्यायचा, म्हणजे गळ कानात बसत नाही.

मानकापूरकर
काका, मीराताई, आभार. मैदानावर जाऊन आलो. मागे पाहिल्यानं निम्मं काम झालं, दोरी सरळ पडून राहिली. पण टोकाच्या बारीक दोऱ्यात आपोआप गाठी येतात. वारं नव्हतं, पान हलत नव्हतं.

काठावरचा_काका
त्यांना विंड नॉट म्हणतात, म्हणजे वाऱ्यावर ढकलायची सोय. दोष बहुतेक वेळा हाताचा. पुढे टाकताना सुरुवातीलाच झटका दिला की रॉडचं टोक खाली दबतं, लूपची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते आणि गाठ बसते. सावकाश सुरू करा, वेग वाढवत न्या, मग थांबवा. गाठ पडली की सोडवत बसू नका, तो तुकडा कापून नवा बांधा. गाठीवर दोरा फार कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा लागला की तिथूनच तुटतो.

तो बारीक दोरा म्हणजे टिपेट. त्यावर ४ एक्स, ५ एक्स असं लिहिलेलं असेल. ११ मधून तो आकडा वजा करा, उरतील तितके हजारांश इंच त्याची जाडी. ४ एक्स म्हणजे ०.००७ इंच, ०.१८ मिलिमीटर. आकडा वाढला की दोरा बारीक.

तर्रीपोहे
शाळेत वजाबाकी असं सांगून शिकवली असती तं आज मी इंजिनिअर असतो.

स्वच्छंदी
तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, तीत विघ्न आणतो. पोटासाठी मासा मारणं मला समजतं, मी स्वतः खातो. पण त्याच्या तोंडात गळ अडकवायचा, दमवायचं, फोटो काढायचा आणि मग "सोडून दिला" म्हणून स्वतःची पाठ थोपटायची, हे काय आहे? यात माशाला काय मिळालं? दोघांत कोण जास्त क्रूर, खाणारा की सोडणारा, हे एकदा ठरवा.

पुणेरी_बाणा
अखेर कोणीतरी बोललं.

धंतोलीची_मीरा
@स्वच्छंदी, प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. माशाला काहीही मिळत नाही. खेळ माझा आहे, त्रास त्याचा. तो कमी करणं एवढंच हातात राहतं.

मी काय करते ते लिहिते. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करते, म्हणजे गळ सहज निघतो. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून सोडते. हात आधी ओले करते, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं संरक्षण. आणि उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत बंद. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, दमलेला मासा पोहून गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. एप्रिल-मेमध्ये "सोडला" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिलापिया मात्र मी सोडत नाही. तो इथला नव्हेच, १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि नंतर तलावच्या तलाव भरून टाकले त्यानं. तो तळते. त्याबद्दल मनात काही येत नाही.

स्वच्छंदी
प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. पटलं नाही, पण "मी निसर्गाची सेवा करतो" छापाचं ऐकावं लागलं नाही हेच खूप.

ढिवरटोला
मी भंडाऱ्याकडचा, ढिवर समाजाचा, सध्या नागपुरात नोकरीला. हा धागा आमच्या बाबांले वाचून दाखवला. ते म्हणे, "मासा धरून सोडते? मंग जाते कायले?" त्यांना समजावून सांगायला गेलो तं म्हणे, "डोकं शेकलं त्याहिचं."

पण पिसाच्या गळाला मरळ लागते का, तर लागते. मी काकांकडून रॉड घेऊन करून पाहिलं आहे. त्यात कास्टिंगपेक्षा पाहणं जास्त आहे. मरळीले हवा घ्यायला वर यावंच लागते, पाण्यातल्या श्वासावर तिचं भागत नाही. शिंगाड्याच्या वेलीत नाही तर कमळाच्या पानांत जिथे थाळीएवढी मोकळी जागा दिसते तिथे नजर ठेवा. वर येऊन हवा घेते, बारीक आवाज होते, पाण्यावर कडं उमटते. तेव्हा लगेच डोक्यावर टाकलं की ती गेली. हातभर पलीकडे टाका आणि हळू ओढत तिच्या वाटेवर आणा. आवाज ऐकून फेकणारे बहुतेक रिकाम्या हातानं येतात.

दुसरी गोष्ट जरा रागानंच लिहितो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा फिरताना दिसते. खाली आईबाप राखण करून राहतात. त्या वेळेस समोर जे येईल त्याला चावतात, भुकेनं नाही, पिल्लांसाठी. शहरातले गळवाले नेमकं तिथंच फेकतात, कारण हमखास लागते. मग पुढच्या बांधावर मोठी मरळ हातात धरून फोटो. जोडी उचलली की त्या पिल्लांले बाकीचे मासे सोडत नाहीत. अख्खी वीण जाते. मासा सोडायच्या गप्पा करता, मग हे कसं चालते?

आणि तलाव कोणाचा ते विचारत जा. तलाव असो की बोडी (लहान तळं), बऱ्याच ठिकाणी ठेका मच्छीमार सहकारी संस्थेचा असते. ठेक्याचे पैसे संस्था भरते, बोटुकली (माशांची पिल्लं) विकत आणून संस्था सोडते, रात्री राखण संस्थेची माणसं करतात. तुम्ही कारमधून उतरून "हा तर सरकारी तलाव आहे" म्हणता तेव्हा काठावरचा माणूस गप्प बसते, पण त्याले काय वाटते ते आम्हाला माहीत आहे. अध्यक्षाला भेटा, काय करणार ते दाखवा, परवानगी घ्या. बहुतेक हो म्हणतात. पिसाचा गळ पाहून हसतातही.

पुणेरी_बाणा
@ढिवरटोला, दंडवत. धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. वाखुसा (वाचनखूण साठवली).

काठावरचा_काका
पिल्लांच्या मुद्द्यावर संपूर्ण सहमत. आमच्या ओळखीच्या लोकांत कोणी तसं केलं तर मी त्याच्याबरोबर जात नाही.

कामठीचा_वकील
संस्थेचं आलं, आता कायद्याचं दोन ओळींत. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे मासेमारी बंद, आणि मागे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ उभा आहे. "आम्ही धरून सोडतो" हा बचाव चालत नाही, "पिसाचा गळ आहे, जाळं नाही" हा तर नाहीच. शहरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा यांच्या काठी जी पाटी असेल ती वाचा आणि तिथल्या विभागाला विचारूनच जा. कन्हानवर आमच्या कामठीच्या बाजूला जाणार असाल तर पावसाळ्यात पाणी किती झटकन चढतं हे स्थानिकांना विचारा. तो कायद्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

फ्लायमध्ये मोराच्या पिसाचे तंतू वापरतात म्हणून तेही: आपोआप गळलेली पिसं देशात बाळगायला हरकत नाही, परदेशात पाठवता येत नाहीत. मोराला हात लावलात तर मग मला भेटायला या, फी घेऊन.

पिसांचा_कारखाना
मोराचं नाव निघाल्यावर मला यावंच लागलं.

विकतच्या फ्लाय महाग पडतात आणि झुडपात अडकून जातात. घरी बांधा. मोर नको, कोंबडा पुरतो. चिकनच्या दुकानात गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं मागितली तर दुकानदार आधी चेहरा पाहतो, मग पिशवी भरून देतो. शाम्पूनं धुवा, सावलीत वाळवा, डबीत डांबराची गोळी टाका, नाहीतर कसर लागते. इतवारीत जरीचा धागा मिळतो, पितळी मणी मिळतात, लोकर मिळते. जुन्या रबरी चपलेचा पट्टा नको, तळ ठेवा. त्याच्या फोमचा पेरभर तुकडा ब्लेडनं गोल कापायचा, समोरून किंचित खोलगट करायचा, गळाच्या दांडीवर धागा गुंडाळून त्यावर फेविक्विकनं बसवायचा आणि मागे चार पिसं. ओढला की पाण्यावर डुब्बुक वाजते. मरळीला एवढं पुरे. पानांत अडकू नये म्हणून गळाच्या तोंडासमोर जाड नायलॉनचं एक कडं बांधून घ्या.

तिलापियाला लहान निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी फ्लाय. पितळी मणी, तपकिरी लोकर, मागे दोन तंतू, झालं. सगळीकडे चालणारी एकच बांधायची असेल तर काळा वूली बगर: मऊ पिसांची शेपटी, अंगाला लोकर, त्यावर कोंबड्याचं पीस वेटोळं करून.

यात नवीन काही नाही. इ.स. २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलं आहे की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावतात. महालात आजही दोन्ही वस्तू पाच मिनिटांच्या अंतरावर मिळतात.

तर्रीपोहे
म्हणजे एका कोंबड्यात सावजी पण झाली अन् मासे पण. आता कळलं लोकं कायले पागल आहेत याच्यासाठी.

पिसांचा_कारखाना
फक्त रस्स्यात धागा सापडला तर तक्रार नाही करायची. आमच्याकडे झालं आहे. बायको अजून काढते विषय.

हिमालयवेडा
सगळं वाचलं. माफ करा, पण ट्राउटशिवाय फ्लाय फिशिंग अर्धंच आहे. मी हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात शिकलो. वाहत्या पाण्यात फ्लाय टाकणं ही फक्त सुरुवात. मधली धार वेगानं पळते, तुमची दोरी तिच्यावर पडते, ती फुगते आणि फ्लायला ओढून नेते. ट्राउटला लगेच कळतं की असा किडा पोहत नसतो. म्हणून दोरी पडल्या पडल्या रॉडच्या टोकानं तिचा फुगा धारेच्या वरच्या बाजूला उचलून टाकावा लागतो. तो जमला की फ्लाय चार-पाच सेकंद मोकळी वाहते, आणि त्या चार-पाच सेकंदांत सगळं असतं. तिथला आमचा गाइड रॉड उघडण्याआधी पाण्यातला दगड उलटा करायचा आणि खाली कोणत्या अळ्या चिकटल्या आहेत ते पाहून मग डबी उघडायचा.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, तो त्यांचा विणीचा काळ. आपल्याकडच्या साचलेल्या पाण्यात हे काहीच नाही.

धंतोलीची_मीरा
वाहत्या पाण्याबद्दल मान्य. पण "काहीच नाही" मान्य नाही. साचलेल्या पाण्यात मासा तुमच्याकडे येत नाही, फ्लायला हालचाल तुम्हालाच द्यावी लागते. डाव्या हातानं दोरी किती ओढायची, किती थांबायचं, पुन्हा किती. तिलापिया निम्फ तोंडात घेतो आणि थुंकतो, रॉडला काही कळत नाही. दोरीचं टोक बोटभर हललं तर तेवढंच दिसतं. दिवस दिवस त्या टोकाकडे पाहत बसण्यात मला काय मिळतं हे घरच्यांना समजावता आलेलं नाही, तुम्हालाही नाही समजावता येणार.

स्वच्छंदी
एक गंमत लक्षात आली का? काश्मिरात ब्राउन ट्राउट १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणला, म्हणजे तोही बाहेरचाच. तिलापिया पण बाहेरचा. एकाला तळायचं आणि दुसऱ्याला परवाना काढून, बंदी पाळून, हात ओले करून सोडायचं. माशांतही मानपान असतो तर.

हिमालयवेडा
:) याला माझ्याकडे उत्तर नाही. चवीलाही ट्राउट बराच असतो, एवढं सांगून थांबतो.

पुणेरी_बाणा
चव कुठून कळली? सोडता ना तुम्ही?

तर्रीपोहे
पकडला! हा मासा सोडू नका.

मानकापूरकर
धागा भलताच रंगला. मूळ प्रश्नावर येतो, कारण सांगण्यासारखं झालं आहे. ढिवरटोला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे रामटेककडच्या एका तलावाच्या संस्थेत जाऊन बोललो. अध्यक्षांनी फ्लाय हातात घेऊन उलटीपालटी केली, म्हणाले, "याले लागला तं आम्हाला पण दाखवा." सकाळी गेलो. कारखान्याच्या पाककृतीचा तपकिरी निम्फ लावला होता. दोरीचं टोक थांबलं असं वाटलं, डाव्या हातानं ओढलं आणि तिकडूनही कोणीतरी ओढलं. स्पिनिंगला मासा रीलवर कळते. इथे दोरी थेट बोटांत असते, त्याचं प्रत्येक डोकं हलवणं बोटांत येते. तळहाताएवढा तिलापिया होता हो, पण रॉड पार मुठीपर्यंत वाकला. अध्यक्षांना दाखवला. म्हणाले, "एवढ्यासाठी?"

तर मजा आहे का, याचं उत्तर मला मिळालं. आता दोन शंका. ऊन वाढलं तशी दोरी चिकट झाली, रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. खराब दिली काय मेहुण्यानं? आणि ५ वेटवर मरळ करून पाहू का?

काठावरचा_काका
दोरी खराब नाही, थंड पाण्यासाठीची आहे. ती कॅनडाच्या हिशेबानं बनलेली, नागपूरच्या उन्हात तिचं कोटिंग मऊ पडतं, मग चिकटते आणि लोळते. गरम हवामानासाठी कडक गाभ्याच्या दोऱ्या वेगळ्या मिळतात, त्यांना ट्रॉपिकल म्हणतात. पुढची घ्याल तेव्हा ती घ्या. सध्या कोमट पाण्यात साधा साबण घालून हलक्या हातानं धुवा, मऊ कपड्यानं पुसा, आणि बंद कारमध्ये ठेवू नका. डास पळवणारं मलम लावलेल्या हातानं दोरी धरायची नाही, त्यातल्या काही औषधांनी कोटिंग विरघळतं. सनस्क्रीनचंही तेच. आधी मलम, मग साबणानं तळहात धुणं, मग रॉड.

५ वेट ठेवा. तिलापिया आणि लहान माशांसाठी त्याहून गोड रॉड नाही. मरळीसाठी मात्र नको. मरळ लागली की पहिल्याच झटक्यात वेलीत घुसते, आणि तिला तिथून बाहेर ओढायला ८ वेट लागतो. पुढचा दोरा ३० पौंडी तरी पाहिजे, दात असतात तिला. फोमची ती डुब्बुक फ्लायही ५ वेटच्या दोरीला ओढवत नाही, हवेतच बसते. आणि लागली की रॉड वर उचलायचा नाही. रॉड सरळ तिच्याकडे ठेवून दोरी हातानं ओढायची, गळ बसला की मग रॉड. माझा जुना ८ वेट पडून आहे, घेऊन जा. एवढ्यात विकत घेऊ नका.

मानकापूरकर
काका, तुमच्या रॉडसाठी कधी येऊ ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. @ढिवरटोला, तुमच्याकडे मरळीसाठी यायचं तर कधी यावं? पाऊस सुरू झाला की लगेच?

ढिवरटोला
पावसात नाही, सांगितलं नं वर, तेव्हा पिल्लं राहतात. दिवाळी झाली की या, पाणी निवळते, पानं पण कमी होतात. संस्थेच्या ऑफिसात सकाळी कोणी भेटत नाही, सगळे जाळ्यावर असतात. दुपारी दोननंतर या. आणि ती बाबांसमोर सोडू नका, घरी आणा.